पाणवाटुलीची फुले कोणी नेली?

१

तळे जागच्या जागी होते. पाणी होते, पाण्याखाली फितीसारखी लांब हिरवी पाने होती, काठाला लव्हाळे होते. फुले तेवढी नव्हती.

बाई दोन दिवसांपूर्वी घराला कुलूप लावून शहरात गेल्या, तेव्हा पाण्यावर फुलेच फुले होती. तांदळाच्या दाण्याएवढी एकेक. दोऱ्यासारख्या देठांवर तळातून वर आलेली आणि पाण्याच्या पाठीवर तोंड उघडून बसलेली. आज परत येऊन बघतात तर एक नाही. काठावर तुटलेला देठ नाही, पाकळी नाही. पाणी मात्र गढूळ. हात घातला तर कोपर दिसू नये.

त्यांना सगळे तळ्याच्या बाईच म्हणत. वनस्पतींचा अभ्यास हे त्यांचे काम आणि हे तळे म्हणजे त्यांच्या वडिलांनी मागे ठेवलेले एकमेव धन. वरच्या अंगाची पाणथळ कधीच राडारोडा टाकून बुजवली होती. उरलेल्या या तळ्यातून आता रस्ता न्यायचा होता. पाणवाटुली नावाचे हे रोप दुसरीकडे कुठेच सापडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर रस्ता अडला होता. शनिवारी समिती येणार होती. रोप फुलावर दिसले तर तळे राहील, नाही तर मुरूम पडेल.

बाईंनी आधी समितीच्या अध्यक्षांना कळवले. त्या म्हणाल्या, "चौकशी होईपर्यंत पाण्यात कोणी पाऊल टाकायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

मग बाईंनी मामाला फोन केला. "मामा, ये," एवढेच म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

मामा म्हणजे निवृत्त फौजदार. पोट सुटलेले, गुडघे कुरकुरणारे, ओठांवर सदा देवाचे नाव. नोकरीत असताना ते म्हणायचे, आधी चोरी नीट बघावी, चोर आपोआप दिसतो. दुपारी ते आले, तळ्याभोवती एक चक्कर मारली आणि पायरीवर बसकण मारली.

"धाकटे, फुलाचं काय काय होऊ शकतं, सांग बघू. मी अडाणी आहे असं समज."

"त्यात समजायचं काय?" बाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या.

"वा! जीभ शाबूत आहे. म्हणजे पोरगी वाचेल."

"तोडलं जातं. मासे खातात. कुजतं. दुसरं काय होणार? लग्न झालेलं फूल वर थांबत नाही म्हणतात, पण यांचं लग्न व्हायचंच नाही. तळ्यातली सगळी रोपं मादी, मामा. एकाच रोपाचे फुटवे. नर होते ते वरच्या पाणथळीत गाडले गेले असणार. ही बिचारी दरवर्षी वर येतात, वाट बघतात आणि कुजून जातात. बाबांनी शेवटच्या आजारात खिडकीतून बघून नाव ठेवलं, पाणवाटुली."

 मामा सहज विचारल्यासारखे म्हणाले, "थोरलीला कळवलंस? बहीण आहे तुझी."

"तिचं नाव काढू नकोस."

"बरं. मग ही फुलं नसल्याचं कोणाला सुख होईल, त्यांची नावं काढ."

बाईंनी तीन माणसे सांगितली. दातांचे डॉक्टर, रस्त्याचा इंजिनिअर आणि मासळीचा ठेकेदार.

"तिघेही हसून बोलतात माझ्याशी," त्या म्हणाल्या.

"मग तिघांनाही भेटलंच पाहिजे," मामा म्हणाले.

२

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मामा आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात भिंतीभर काचेच्या टाक्या होत्या. त्यांत मासे थोडे आणि रोपे फार. मामा खुर्चीवर टेकले, तोच डॉक्टरांनी त्यांचा जबडा उघडून आत दिवा लावला.

"तळ्याच्या बाईंचे मामा ना? आ करा. मोठा. मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात. खालची दाढ गेलीय हो तुमची."

"आ... आआ..." मामांनी प्रश्न विचारायचा प्रयत्न केला.

"हो, मागितलं होतं मी रोप. एक फुटवा द्या म्हटलं, या टाकीत लावतो. बाईंनी मला असं झाडलं की महिनाभर माझ्याच दाढा दुखत होत्या. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण मला सांगा, मी चोर असतो तर काय नेलं असतं?"

"आ?"

"रोप! मुळासकट. फूल नेऊन मी काय करू, कोटाला लावू? ते दोन दिवसांत सुकणार. ज्याला पाणवाटुली हवी तो फूल सोडून रोप नेईल. आणि ज्याला ती नकोच आहे तो सगळंच उपटून टाकेल, पानं कशाला ठेवेल? चूळ भरा."

मामांनी चूळ भरली. या माणसाने फौजदाराला तोंड उघडू दिले नव्हते, किंवा खरे सांगायचे तर मिटू दिले नव्हते. पण बोलला ते वजनदार होते. फुले तोडून रोप राखणारा चोर मामांनी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"ती दाढ काढून टाकू या का?" डॉक्टरांनी आशेने विचारले.

"आधी तळ्याचं दुखणं बघतो," असे म्हणून मामा जे उठले ते थेट रस्त्यावर.

३

इंजिनिअरच्या कचेरीत नकाशे नळकांड्यांत गुंडाळून ठेवले होते. दाराबाहेर लाकडी बाक होते.

"हे बाक बघता?" इंजिनिअर म्हणाला. "मंगळवारी आणि बुधवारी, कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत तुमच्या भाचीबाई इथे बसून होत्या. मी जेवायला निघालो की उभ्या. परत आलो की उभ्या. 'रस्ता थोडा वळवा, एवढंच.' अहो, रस्ता म्हणजे काय केसाचा भांग आहे? मागचं दार असतं तर मी तिकडून पळालो असतो."

"तुमची माणसं तळ्यावर गेली होती त्या दिवशी?"

"मंगळवारी सकाळी. तळाची माती तपासायला चार ठिकाणी पाइप ठोकले. पाणी गढूळ झालं, ते आमच्यामुळे. फुलं मात्र तेव्हा होती. माझा माणूस फोटो काढून घेऊन आला, घरी पोरीला दाखवायला म्हणून." मग आवाज खाली आणत तो म्हणाला, "मामा, मला फुलं चोरायची गरजच काय? शनिवारी समिती जे म्हणेल ते मी करणार. तळं ठेवा म्हणाली तर माझं डोकं दुखणार, एवढंच. तेही बाई आत्ताच दुखवतात."

मामांना माणूस आवडला. अशी माणसे आवडली की फौजदाराचे काम अवघड होते.

मासळीचा ठेकेदार काठावर जाळे सांधत बसला होता. तळ्यात गवत खाणारे मासे सोडायचे त्याच्या मनात होते आणि बाईंनी ते होऊ दिले नव्हते. मामांना बघताच त्याने जाळे बाजूला ठेवले. बोलू की नको असा चेहरा.

"बोला की," मामा म्हणाले.

"नको फौजदारसाहेब. बाई चांगल्या आहेत. माझ्या बायकोच्या आजारपणात धावून आल्या होत्या."

"म्हणजे बाईंबद्दलच आहे."

ठेकेदाराने मान खाली घातली. "मंगळवारी संध्याकाळी मी पलीकडच्या काठाला होडी लावत होतो. ऊन होतं अजून. समोरच्या पायऱ्यांवर बाई होत्या. पाठमोऱ्या. दोन बादल्या पाण्यात विसळत होत्या. मी हाक मारली, वळल्या नाहीत. बादल्या उचलल्या आणि गेल्या." त्याने जाळे पुन्हा जवळ ओढले. "दुसऱ्या दिवशी फुलं विरळ झाली. तिसऱ्या दिवशी नाहीच. मी कोणाला बोललो नाही. पण साहेब, तळ्यावर त्याच होत्या. बाईंना मी पाठीवरून ओळखतो."

४

"म्हणजे मीच चोर," बाई म्हणाल्या. "छान. माझ्या बापाचं तळं, मीच लुटलं."

"चिडू नकोस. मंगळवारी संध्याकाळी कुठे होतीस?"

"त्याच्या त्या बाकावर! तुला त्यानं सांगितलं नाही?"

"सांगितलं. आणि ठेकेदारानं सांगितलं की तू इथे होतीस."

"मग एक जण खोटं बोलतोय."

मामा काठाकाठाने चालू लागले. वारा ज्या कोपऱ्यात पाणी ढकलत होता तिथे लव्हाळ्याच्या मुळाशी पांढरट साय धरली होती. बोट बुडवून त्यांनी ती तळहातावर घेतली. मोहरीहून बारीक कण. सगळे एकासारखे एक. चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून त्यांनी बघितले. साबणाचा फेस असता तर विरला असता, धूळ असती तर बुडाली असती. त्यांनी चष्म्याच्या घरात थोडे पाणी घेऊन त्यात ते कण ठेवले आणि झाकण लावले.

"काय सापडलं?" बाईंनी लांबून विचारले.

"केर," मामा म्हणाले. खोटे बोलायची सवय सुटली होती, म्हणून आवाज जरा मोठा झाला.

संध्याकाळ होत आली. चहा पुढ्यात ठेवून बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. याच खिडकीतून बाबा तळे बघायचे. बाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली, मान किंचित पुढे. मामा बघत राहिले. त्यांची बहीण, या पोरींची आई, अशीच उभी राहायची. जाऊन किती वर्षे झाली, आणि अजून कोणी पाठमोरे असे उभे राहिले की मामांच्या तोंडी 'अक्का' येई आणि परत जाई.

मामांनी कप खाली ठेवला.

ठेकेदार खोटे बोलत नव्हता. इंजिनिअरही नव्हता.

आणि बादल्या! चोर बादली भरून नेतो. रिकामी बादली विसळून कोण नेतो? ज्याने काही आणून ओतले आहे, तो.

"धाकटे," मामा उठत म्हणाले, "बाबांनी ते रोप वरच्या पाणथळीतून आणलं तेव्हा सगळं तळ्यातच लावलं होतं?"

"नाही. थंडीचे दिवस होते, फुलं नव्हती. एक गड्डा तळ्यात लावला आणि एक..." त्या थांबल्या. "एक राखीव म्हणून थोरलीकडे दिला. घमेल्यात. तिनं कधीच फेकून दिला असेल. का?"

"मी सकाळी बाहेर जाऊन येतो," मामा म्हणाले. "शनिवारपर्यंत परत येईन."

"उद्याच शनिवार आहे, मामा!"

५

थोरली शिवणकाम शिकवत असे. मामा पोचले तेव्हा घरात शिवणयंत्र नव्हते. दोन खोल्या, दोरीने बांधलेली खोकी आणि गॅलरीत पालथे घातलेले एक मोठे घमेले.

"मामा! ये. बसायला खोकंच आहे."

"कुठे निघालीस?"

"मुलाकडे. कायमची. दहाव्या मजल्यावर घर आहे त्याचं. रविवारी गाडी." ती हसली. "तिथे गॅलरीत कपडे वाळवायलाही परवानगी लागते म्हणे. घमेलं कुठे ठेवू?"

मामांनी घमेल्यावर हात ठेवला. "मंगळवारी ओतलंस ना?"

थोरलीने एका खोक्याची दोरी आवळली. मग म्हणाली, "बाबांचं होतं, बाबांच्या तळ्यात सोडलं. गुन्हा झाला का?"

"तू तिला न भेटता का आलीस?"

"न भेटता?" तिचा आवाज चढला. "दाराला कुलूप होतं मामा! उन्हं उतरेपर्यंत पायरीवर बसले. काय बोलायचं ते मनात शंभरदा घोळवलं. ती येईना. मग वाटलं, देवाचीच इच्छा नसेल. ओतलं, बादल्या विसळल्या, निघाले. मागून कोणी हाक मारली, मी वळले नाही. रडत होते."

"चिठ्ठी ठेवायची."

"कोणता मायना लिहू? 'प्रिय' लिहू का 'चिरंजीव'? तिनं मला बाबा गेले ते कळवलं. जाताहेत ते कळवलं नाही. ते मला अजून गिळता येत नाही. आणि तरी दर वर्षी घमेल्यातलं पाणी बदलताना तिचीच आठवण. तिच्याकडचं फुलत असेल का? माझ्याकडचं तर मेलं एकदाही फुललं नाही."

"एकदाही?"

"नाही. उलट या दिवसांत रोज सकाळी वर पांढरी घाण यायची. मी चहाच्या गाळणीनं काढून टाकायची."

मामांनी हळूच चष्म्याचे घर उघडून तिच्यापुढे धरले.

"हीच!" थोरली म्हणाली. "ही तुझ्याकडे कुठून आली?"

देवाने झाडाला पाय दिले नाहीत, ओढ दिली. मामा खोक्यावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षे ही पोर रोज सकाळी गाळणी घेऊन काय काढून फेकत होती, हे तिला कसे सांगावे?

"ऊठ," ते म्हणाले. "पदर खोच. समिती यायच्या आत पोचायचं आहे."

"मी नाही येणार. ती मला दारात उभी करणार नाही."

"मी फौजदार आहे. अटक करून नेईन."

६

समितीची तीन माणसे काठावर उभी होती. इंजिनिअर नकाशा घेऊन, ठेकेदार होडी घेऊन आणि दातांचे डॉक्टर नुसत्या कुतूहलाने आले होते. मामांच्या मागून थोरली पायऱ्या उतरली तेव्हा बाईंच्या हातातली फाइल खाली पडली.  दोघी पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मध्ये चार माणसांची जागा सोडून, आणि ठेकेदार मागून एकदा हिच्या, एकदा तिच्या पाठीकडे बघत मोठ्याने म्हणाला, "अरे देवा!"

"हेच माझं पहिलं उत्तर," मामा म्हणाले. "मंगळवारी इथे बाई नव्हत्या, त्यांची बहीण होती. दुसरं. तिनं काही नेलं नाही, आणलं. वडिलांनी राखून ठेवलेली रोपं तिनं तळ्यात सोडली. तिसरं उत्तर माझ्याच्यानं सांगवत नाही. ते हिनं वाचावं." त्यांनी चष्म्याचे घर बाईंच्या हातात दिले.

बाईंनी गळ्यातले भिंग डोळ्याला लावले. एक कण बघितला. दुसरा बघितला. 

"नर फूल," त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येईना. "ही नर फुलं आहेत. तळाशी उमलायच्या आधीच देठापासून सुटतात, पाण्यावर येतात, वाऱ्यानं वाहत जातात... जिथे ती बसली असेल तिथे." त्यांनी अध्यक्षांकडे बघितले. "मला पाण्यात उतरू द्या. एकदाच."

अध्यक्षांनी मान डोलावली. बाई कमरेइतक्या पाण्यात गेल्या, डोळे मिटून हाताने तळ चाचपला आणि एक रोप अलगद वर धरले. पानांच्या बुडाशी देठाचे घट्ट वेटोळे झाले होते, जुन्या फोनच्या तारेसारखे. वेटोळ्याच्या टोकाला मिटलेले फूल, आणि त्याखाली फुगू लागलेली बोटभर शेंग.

"कोणी नेलं नाही," बाई म्हणाल्या. "आपली आपण खाली गेली. बी धरायला."

 मग इंजिनिअरने खाकरून घसा साफ केला. "माफ करा, पण मला विचारलंच पाहिजे. बाहेरून आणून सोडलेलं रोप हे तळ्याचं रोप म्हणायचं का?"

अध्यक्ष थोरलीकडे वळल्या. "तुम्ही सांगा. कुठलं रोप ते?"

थोरलीने पदराने हात पुसले. "बुजवलेल्या पाणथळीतलं. बाबांनी दोन गड्डे काढले, मी शेजारी घमेलं धरून उभी होते. एक हिच्यासाठी, एक माझ्यासाठी. पानं सारखीच. फुलं नसताना नर कोण, मादी कोण, त्यांनाही कळलं नाही. आम्हाला वाटलं दोघींना सारखंच दिलं." ती पुढे बोलली ते समितीसाठी नव्हते. "मी रोज गाळून टाकत होते ग. मला वाटलं घाण आहे."

बाई पाण्यातच उभ्या होत्या. "मी तुला विचारलं असतं तर एका पत्रात कळलं असतं," त्या म्हणाल्या. "पाण्यावर पांढरं काही येतं का, एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. आणि बाबांच्या वेळी... ते म्हणायचे, तिला घाबरवू नको, मी उठतोय. मला ते खरं वाटायला हवं होतं, ताई."

थोरलीने चपला काढल्या. मग तीन पायऱ्या खाली उतरून तिने हात पुढे केला. "वर ये. गारठशील."

समितीने बाजूला जाऊन विचार केला. परत येऊन अध्यक्ष म्हणाल्या, "या रोपाचं बी आजवर कोणी पाहिलेलं नाही. ते पिकून रुजेपर्यंत तळ्याला हात लावायचा नाही. माती तपासायलासुद्धा नाही. रस्त्याचं नंतर बघू."

"म्हणजे बाई पुन्हा माझ्या बाकावर," इंजिनिअर म्हणाला आणि नकाशा गुंडाळू लागला. तो रागावलेला मात्र दिसला नाही.

माणसे पांगली. मामा लव्हाळ्याशी जाऊन देवाशी काहीतरी पुटपुटत उभे राहिले. दोघी बहिणी पायरीवर बसल्या. बाईंच्या कपड्यांतून पाणी निथळत होते, थोरली पदराने त्यांचे केस पुसत होती.

"मामा म्हणाला, उद्या गाडी आहे तुझी."

"हो. दहावा मजला."

"हं."

थोडा वेळ दोघी पाण्याकडे बघत राहिल्या. बघण्यासारखे वर काहीच नव्हते.

"बी पिकायला किती दिवस लागतात ग?" थोरलीने विचारले.

"कोणास ठाऊक," बाई म्हणाल्या. "कोणी पाहिलंच नाही अजून."

"काही अंदाज?"

"महिना लागेल. वर्षही लागेल. रोज बघत बसावं लागेल कुणाला तरी. माझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही."

थोरलीने केस पुसायचे थांबवले नाही. "मग मुलाला कळवायला हवं," ती म्हणाली. "आई उद्या येत नाही म्हणून."